वकील नसलेलं कोर्ट

“वकील कोण तुमचे?”

कौटुंबिक न्यायालयाच्या खिडकीवर ताईला विचारलेला हा पहिला प्रश्न. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती म्हणाली, कोणी नाही, मीच. आतल्या माणसाने कागद परत सरकवले आणि बाहेर बसलेल्या टायपिस्टकडे बोट दाखवलं. मी सोबत गेलो होतो, फाइल धरायला.

त्या रात्री मी कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 उघडला आणि कलम 13 वर थांबलो. या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क कोणत्याच पक्षकाराला नाही, असं त्यात म्हटलंय. न्यायाधीशांना गरज वाटली तर ते एखाद्या कायदेतज्ज्ञाची न्यायमित्र म्हणून मदत घेऊ शकतात. म्हणजे कायद्यात ताई नियम आणि वकील अपवाद. खिडकीवर बरोबर उलटं.

या कलमाचा माग काढत गेलं की दुर्गाबाई देशमुख भेटतात. संविधान सभेच्या सदस्य, मद्रासमध्ये वकिली केलेल्या, आणि लहानपणी लावून दिलेलं लग्न मोठेपणी नाकारलेल्या. (चिंतामणराव देशमुखांशी त्यांचं लग्न नंतरचं, 1953 चं.) त्याच वर्षी त्या चीनला गेल्या आणि तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून आल्या. परतल्यावर त्यांनी हा विषय नेहरूंकडे काढला, तसाच मुंबई उच्च न्यायालयातल्या छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींकडेही.

तेव्हा हिंदूंना कायद्याने घटस्फोट मिळणं हीच नवी गोष्ट होती. मुंबई प्रांतात ती 1947 साली आली, देशभर 1955 साली. त्याआधी बऱ्याच जातींत काडीमोड व्हायची: जातपंचायतीपुढे सोडचिठ्ठी, मग बाई पाट लावायला मोकळी. 1955 च्या कायद्यानेही रूढीने चालत आलेले असे घटस्फोट मोडीत काढले नाहीत. तिथे वकील नसायचा, ज्याने त्याने आपलं गाऱ्हाणं आपणच सांगायचं. पण ऐकणारे पंच पुरुष, आणि तेही गावकीतले, भावकीतले. ‘वकील नको’ ही कल्पना मला आवडते खरी, पण ही पंचायत आठवली की जरा थबकायला होतं.

1974 साली विधी आयोगाचा 59 वा अहवाल आला. अध्यक्ष तेच गजेंद्रगडकर. घरातले वाद नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखे चालवू नयेत, असा त्याचा रोख होता. 1976 मध्ये परस्पर संमतीचा घटस्फोट कायद्यात आला. महिला संघटनांनी स्वतंत्र न्यायालयांची मागणी लावून धरली आणि 1984 चा कायदा झाला. समुपदेशक असावेत, न्यायाधीशांनी आधी तडजोडीचा प्रयत्न करावा, पुराव्याचे नियम ढिले असावेत, साक्षीचा नुसता गोषवारा लिहिला तरी चालावा, असं सगळं त्यात आहे. वाचताना वाटतं, एखाद्या टेबलाभोवती बसून बोलायचंय.

आणि मग कलम 10. या न्यायालयांना दिवाणी प्रक्रिया संहिता लागू राहील. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे नेहमीचंच: स्क्रीन नवी, मागची सिस्टीम जुनीच. वकिलाला दाराबाहेर ठेवलं, पण अर्ज, कैफियत, प्रतिज्ञापत्र, मुद्दे, उलटतपासणी ही त्याची सगळी हत्यारं आतच राहिली. ती चालवायची कोणी?

पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं 1989 साली सुरू झाली. 1991 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पक्षकार वकिलासाठी परवानगी मागू शकतो आणि प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर त्या मागणीचा नीट विचार व्हायला हवा. पुढे परवानगीचा अर्ज हाच शिरस्ता झाला. यात वकिलांचा स्वार्थ होता असं म्हणणं सोपं आहे. पण लढून घ्यायच्या घटस्फोटात वकील नसणं म्हणजे काय, हे बघा: छळाचा आरोप करणाऱ्या बाईने पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्याच नवऱ्याला स्वतः प्रश्न विचारायचे, आणि तिची पाळी आली की त्याने तिला. दुर्गाबाईंच्या डोक्यातलं कोर्ट हे नसणार.

ताईचं तसं झालं नाही. नवरा संमतीला तयार झाला, पोटगीचा आकडा समुपदेशकांच्या खोलीत ठरला, दोघं वर्षभराहून जास्त काळ वेगळे राहत होतेच. उरली ती सहा महिन्यांची थांबण्याची मुदत. ती योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलंय. तसा अर्ज ताईने स्वतः लिहिला, मराठीत, दीड पानाचा. टायपिस्टने त्यात चार ठिकाणी ‘सबब’ घातलं.

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, “तुम्ही स्वतःच बोलणार?” ताई “हो” म्हणाली आणि मग बराच वेळ तिला पुढचं काही सुचेना. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे करायला सांगितला आणि थांबल्या.

निकालाच्या नकलेत वकिलाच्या नावापुढे ‘स्वतः’ असं छापून आलं. ती नकल मिळवायला मात्र तीन खेटे घालावे लागले, आणि तिसऱ्या खेपेलाही खिडकीवर प्रश्न तोच होता.