आर्य संगीत विद्यालयाचे खाँसाहेब

आमच्या मुरुडवरून पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी जायची. ही लाइन 1911 साली लातूरला आली आणि 1927 साली तिचे दुसरे टोक मिरजेला भिडले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. उरुसाला जाणारे पुष्कळ. पण हा माणूस कोण होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी संगीत आधुनिक झाले, असे पुस्तके सांगतात. पलुस्करांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी 1916 साली बडोद्यात परिषद भरवली. ही कामे थोरच. पण त्यांच्याच जोडीला एक वाक्य हळूच येते: निरक्षर, विद्या लपवणाऱ्या उस्तादांच्या तावडीतून गाणे सुटले. काही उस्ताद कंजूष होते, हे कबूल. मग भातखंड्यांच्या वहीत चिजा आल्या कुठून? जयपूरचे मुहम्मद अली खाँ आणि आशिक अली यांनीच त्यांना भरभरून दिले. आणि बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा 1886 सालची, स्वरलेखनासकट. म्हणजे लाहोरच्या पंधरा वर्षे आधीची.

अब्दुल करीम खाँ 1872 साली किराण्यात जन्मले. त्यांनी 1913 साली पुण्यात शाळा काढली. नाव काय ठेवले? आर्य संगीत विद्यालय! पुण्यात शाळा चालवायची तर नावही तसेच हवे, हे त्यांनी ओळखले असावे. सांगलीकडचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल श्रुती मोजत होते, त्यांना खाँसाहेबांनी गाऊन दाखवले. विद्या लपवणारा माणूस आपला गळा असा मोजमापाला देईल का? देवलांचे इंग्रजी पुस्तक 1910 साली निघाले. बावीस श्रुतींचे ते माप गळ्याने एका मुसलमानाने पारखले, पण पुस्तकाच्या नावातले स्वरसप्तक मात्र ‘हिंदू’ आहे.

ते तिथेच थांबले नाहीत. दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत ऐकले, तिथली सरगम आपल्या ख्यालात आणली, त्यागराजांची खरहरप्रियातली कृती रेकॉर्डवर गायली. उत्तरेतल्या गवयाने असे करणे त्या काळी नवलाचेच होते.

घरात मात्र ते तितके नवे नव्हते. ताराबाई माने पाचही मुले घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांनी बापाचे नाव लावले नाही. थोरले सुरेशबाबू माने. हिराबाई बडोदेकर खाँसाहेबांच्याच घराण्यातल्या वहीद खाँकडे शिकल्या आणि तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत बसून गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत गणल्या गेल्या.

27 ऑक्टोबर 1937 रोजी पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले. ते सिंगापेरुमाळ कोइल स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवला आणि दरबारीच्या सुरांत खुदाचे नाव घेतले, असे सांगतात. तिथून त्यांना मिरजेला आणले.