पूर्णविराम शोधणारी माणसं

टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झाला, तेव्हा प्रोग्रॅमर नावाचा वेगळा व्यवसाय आपल्याकडे जवळजवळ नव्हताच. यंत्र बांधणारे आणि त्याच्याकडून गणितं सोडवून घेणारे शास्त्रज्ञच आज्ञावली लिहीत. पोटापाण्याचा धंदा म्हणून हे काम उभं राहिलं ते पुढच्या दीडेक दशकात, आणि त्याचा मोठा भाग नवं रचण्याचा नव्हता, दुसऱ्याने लिहिलेलं वाचून फिरवण्याचा होता. या सुरुवातीबद्दल आपल्याकडे काहीशा संकोचानेच बोललं जातं. मला मात्र आपल्या प्रोग्रॅमरची खरी शाळा तीच वाटते.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. तिला १९७४ मध्ये बरोज या अमेरिकन कंपनीचं एक काम मिळालं: रुग्णालयाची एक माहितीप्रणाली बरोजच्या मध्यम यंत्रांवरच्या कोबॉलमधून छोट्या यंत्रांवरच्या कोबॉलमध्ये आणायची. भाषा एकच, पण बोली निराळ्या. काम झालं ते मुंबईतल्या आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर. एकेक ओळ हाताने बदलत बसण्याऐवजी या मंडळींनी रूपांतर करणारा प्रोग्रॅमच लिहिला. दोन्ही बोलींचं व्याकरण कोळून प्यायल्याशिवाय असा प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

त्या काळचं रोजचं काम जवळून पाहिलं, तर ओळ न् ओळ बारकाईने वाचण्याची सवय कुठून आली ते कळतं. पेन्सिलीने कोडिंग शीटवर ओळी लिहायच्या. एक ओळ म्हणजे ८० रकान्यांचं एक कार्ड. कोबॉलमध्ये पहिले ६ रकाने ओळीच्या क्रमांकाचे, सातवा खुणेचा, आणि मजकूर ७२व्या रकान्याच्या आत संपवायचा. पंच ऑपरेटर कार्डांना भोकं पाडून देई, गठ्ठा मशीनरूममध्ये जाई आणि छापील कागदांची चळत काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी परत येई. आता एक पूर्णविराम राहिला आहे असं समजा. त्या कोबॉलमध्ये ‘इफ’ने सुरू झालेली अट पूर्णविरामापर्यंत चालते. ‘रुग्णाचा विमा असेल तर सूट वजा कर’ यापुढचं टिंब गळलं, की ‘बिल छाप’ हे पुढचं वाक्यही अटीच्या पोटात जातं, आणि बिल निघतं ते फक्त विमा असलेल्यांचं. यंत्र चूक दाखवत नाही, कारण व्याकरणात काही चुकलेलंच नसतं. यंत्राचा वेळ महाग, म्हणून गठ्ठा पाठवण्याआधी टेबलावर बसून, कागदावर आकडे मांडत, स्वतःच यंत्र होऊन सगळं वाचावं लागे. याला डेस्क चेकिंग म्हणत.

ही स्वस्त मजुरी होती, परदेशी कंपन्यांची हमाली होती, असा आक्षेप घेतला जातो. पैशाच्या हिशेबात तो खरा आहे. संगणक आयात करायचा तर सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन आणण्याची हमी द्यावी लागे. दर परदेशी ग्राहक ठरवी आणि तयार प्रणालीची मालकी त्याच्याकडेच राही. पण मालकी नव्हती म्हणून कसबही नव्हतं, हे त्यातून निघत नाही. १९८१ मध्ये पुण्यात टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, निघालं. प्रोग्रॅम तपासणारी आणि प्रोग्रॅमच तयार करून देणारी साधनं घडवणं हा पुढे तिथल्या संशोधनाचा मोठा विषय झाला. रूपांतराच्या कामात पडलेल्या प्रश्नांचीच ही पुढची पायरी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही माणसं निवडक अभियंते होती, कुठल्याही कामात चमकलीच असती, कामाला श्रेय कशाला? पण कॉलेजने त्यांना गणित आणि विद्युतशास्त्र दिलं होतं. बँकेच्या शाखांचे हिशेब कसे जुळतात, रुग्णालयाचं बिल कुठून कुठे जातं, हे त्यांना दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधून आणि त्यामागच्या कारभारातून शिकावं लागलं.

नुकसान झालं असेल तर ते पुढे. १९९१नंतर सॉफ्टवेअर पार्क आले, माणसांची भरती वाढली आणि बढतीचा अर्थ बदलला. चार-पाच वर्षं कोड वाचून नजर तयार होते न होते तोच माणूस टीम लीड, मग मॅनेजर होऊ लागला. कोडपाशीच राहू पाहणाऱ्याकडे ‘याचं काही पुढे झालं नाही’ अशा नजरेने पाहिलं जाऊ लागलं. आणि नेमक्या त्याच दशकाच्या शेवटी जगाला पुन्हा वाचणाराच हवा होता. साल दोन आकड्यांत साठवणारे जुने कोबॉल प्रोग्रॅम २००० उजाडण्याआधी दुरुस्त करायचे होते. ‘डेट’ असं नाव दिलेली जागा यंत्रही शोधून देई. पण कुणीतरी कधीकाळी तारीख ‘टेंप’ नावाच्या जागेत हलवून ठेवलेली असे, आणि ती सापडायला ओळीमागून ओळ वाचत जावं लागे.