डिजिटल जोखीम व संधी : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली

डिजिटल जोखीम म्हणजे संगणक, मोबाइल आणि त्यांना जोडणारी जाळी यांवर व्यवहार सोपवल्यामुळे पैसा, मालमत्ता, खासगी माहिती किंवा सार्वजनिक सेवा यांना पोचू शकणारी हानी. त्याच सोपवणीतून जो वेळ, खर्च आणि ज्या खेपा वाचतात ती डिजिटल संधी. दोहोंचे मूळ एकच आहे. पूर्वी दाखला देणारा, घेणारा आणि तपासणारा यांची कुठल्या तरी खिडकीशी गाठ पडत असे. डिजिटल व्यवहारात ते एकमेकांना दिसत नाहीत. दिसतो तो पडद्यावरचा आकडा किंवा कागदाची प्रतिमा. त्यामुळे नागरिकाची खेप वाचते, आणि त्यामुळेच खोटा आकडा खऱ्याच्या जागी बसवता येतो. म्हणून या जोखमीच्या व्यवस्थापनाचा गाभा पडताळणीत आहे: पडद्यावर दिसणारी गोष्ट तिच्या मूळ नोंदीशी ताडून पाहण्याची सोय हवी, आणि ती सोय दाखवणाऱ्याच्या हातात नसावी. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव याच निष्कर्षाकडे नेतो.

पार्श्वभूमी : ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला आणि तेव्हापासून या शहरांचे घड्याळ रेल्वेच्या वेळापत्रकावर चालत आले. डोंबिवलीहून सकाळची जलद लोकल पकडणारा चाकरमानी पालिकेचे कार्यालय उघडण्याआधीच शहराबाहेर पडलेला असतो. जन्मदाखला, मालमत्ता करातील नावबदल, पाणीबिलाची तक्रार, यांपैकी कशासाठीही त्याला रजा टाकावी लागे. २००२ च्या सुमारास कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने एबीएम नॉलेजवेअर या कंपनीच्या साहाय्याने कामकाजाचे संगणकीकरण करून नागरी सुविधा केंद्रे सुरू केली, तेव्हा टेबलाटेबलावरची पायपीट एका खिडकीवर आली. राज्य शासनाने पुढे हाच नमुना इतर महानगरपालिका व नगरपालिकांसाठी स्वीकारला. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. २०१८ मध्ये ठाणे महापालिकेने तेल अवीव शहराच्या धर्तीवर ‘डिजिठाणे’ हा उपक्रम आणला. उपनगरी रेल्वेचे मोबाइल तिकीट, २०१६ पासूनची यूपीआय देवघेव आणि घरबसल्या भरता येणारा कर यांनी मिळून दिलेला लाभ लहान नाही. रोज तीन-चार तास प्रवासात घालवणाऱ्या माणसाला अर्ध्या दिवसाची रजा परत मिळणे ही खरी मिळकत आहे. जोखमीची चर्चा करताना तिचे मोल नजरेआड होता कामा नये.

मापातील फसवणूक : डिजिटल आकड्यावरचा विश्वास कुठे तुटतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पेट्रोल पंपावर सापडते. एप्रिल २०१७ मध्ये लखनऊमध्ये पंपांतील इलेक्ट्रॉनिक चिपचा घोटाळा उघड झाला. त्यानंतर ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने वैधमापन विभागाला बरोबर घेऊन डोंबिवली, ठाणे आणि राज्याच्या इतर भागांतील पंपांवर छापे घातले. नळीतून इंधन वाहू लागले की पंपातील ‘पल्सर’ नावाचा भाग फिरतो आणि ठरावीक इंधनामागे एकेक विद्युत स्पंद पाठवतो. हे स्पंद मोजूनच पडद्यावर लिटर आणि रुपये उमटतात. पल्सरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या कार्डात फेरफार केला की इंधन कमी पडते आणि स्पंद मात्र पुरे मोजले जातात. ग्राहक शून्य पाहून घेतो, आकडा पुढे सरकताना पाहतो आणि बरोबर रक्कम देतो. त्याच्या दक्षतेत काहीच कमी नसते. तो जे पाहतो तेच खोटे असते. यावर पंपावर एक साधन उपलब्ध असते: वैधमापनाची मोहोर असलेले पाच लिटरचे माप. ते मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. त्या मापाला पल्सर ठाऊक नाही. त्यात पडलेले इंधनच खरे-खोटे सांगते. मात्र फेरफार हवा तेव्हा बंद करता येत असेल, तर आगाऊ कल्पना देऊन केलेली तपासणी निरर्थक ठरते. म्हणजे पडताळणी यंत्रापासून स्वतंत्र हवी, तशीच ती अवचितही हवी.

परवानगीतील फसवणूक : घराच्या बाबतीत हाच दोष कितीतरी अधिक क्रूर ठरला. महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे महारेरा, २०१७ पासून कार्यरत आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर पाहूनच घर घ्या, असे ग्राहकाला सांगितले गेले आणि ते योग्यच होते. परंतु डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींच्या बाबतीत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली. एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारातून पालिकेकडे विचारणा केली, तेव्हा या परवानग्या पालिकेने दिल्याच नसल्याचे पुढे आले. २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोवर तिथे कुटुंबे राहायला आली होती, कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. या प्रकरणात कोणी संगणकात घुसले नव्हते, कोणाचा पासवर्ड चोरीला गेला नव्हता. बनावट कागदाची प्रतिमा संकेतस्थळावर चढली आणि सरकारी पडद्यावर आल्यामुळे ती खरी ठरली. पालिकेची नोंदवही आणि महारेराचा पडदा यांना जोडणारा दुवाच नव्हता. खरेदीदाराने त्याला सांगितलेली प्रत्येक काळजी घेतली असती, तरी त्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता. २०२३ मध्ये महारेराने नोंदणीपूर्वी परवानगीची खात्री संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून ईमेलने करून घेण्याची पद्धत आणली. तो उपाय योग्य दिशेचा आहे. पण आधी घर घेतलेल्यांना तो उशिरा मिळाला, आणि या उशिराची किंमत चूक न करणाऱ्यांनी मोजली, हे या नोंदीत स्पष्ट लिहिले पाहिजे.

बँकव्यवहार : ठाणे जनता सहकारी बँक, डोंबिवली नागरी सहकारी बँक आणि कल्याण जनता सहकारी बँक या १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या संस्थांनी येथील मध्यमवर्गाला पत दिली. सहकारी बँकांपुढील डिजिटल जोखीम ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याने दाखवून दिली. ११ आणि १३ ऑगस्ट रोजी मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांतील मोठा भाग २८ देशांतील एटीएममधून. एटीएममधून पैसे मागितले की ती विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जाऊन शिल्लक तपासली जाते. हल्लेखोरांनी मध्येच एक समांतर यंत्रणा उभी करून विचारणांना परस्पर होकार दिला. प्रश्न खातेवहीपर्यंत पोचलाच नाही. डोंबिवलीच्या इमारतींबाबत जे घडले तेच इथे, फक्त वेगळ्या वेशात. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली आणि २०१९ च्या अखेरीस बँकेच्या डिजिटल व्याप्तीनुसार चढत्या पातळ्यांचे नियम घालून दिले. २०२३ मध्ये ठाण्याच्या श्रीनगर पोलीस ठाण्यात एका पेमेंट गेटवे कंपनीची प्रणाली हॅक करून २५ कोटी रुपये काढल्याची तक्रार आली. तपासात इतरांच्या नावांच्या अनेक खात्यांतून १६,१८० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल झाल्याचे पोलिसांनी सांगितले. चोरीचा पैसा फिरवायला अशी दुसऱ्याच्या नावाची खाती लागतात, आणि त्यांतली कित्येक गरजू माणसांनी थोड्या पैशांसाठी वापरायला दिलेली असतात.

माणूस आणि फोन : ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याचे सांगून अमेरिकेतील नागरिकांना अटकेची धमकी द्यायची आणि पैसे उकळायचे, असा तो धंदा होता. सुमारे ७० जणांना अटक झाली. फोनवर बसलेले बहुतेक जण नोकरीच्या शोधातली तरुण मुले होती. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने भारतातील कॉल सेंटरांशी निगडित अशाच कटाबद्दल किमान १५,००० बळींचा उल्लेख असलेले आरोपपत्र जाहीर केले. अधिकाऱ्याचा आव, अटकेची भीती आणि विचार करायला वेळ न देणे ही कृती पुढे ‘डिजिटल अटक’ या नावाने भारतीय नागरिकांवरच उलटली. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. फसवणुकीत माणसाला घरच्यांपासून तोडून कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात, कारण त्याने शेजाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला एक प्रश्न विचारला की सगळे कोसळते. इथेही मूळ नोंदीपर्यंतची वाट अडवली जाते. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लवकर तक्रार केल्यास पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते, म्हणून पहिले काही तास मोलाचे.

आक्षेप आणि उत्तरे : पहिला आक्षेप असा की प्रत्येक टप्प्यावर पडताळणी आणली, तर डिजिटल व्यवहाराचा वेगच संपेल. हा आक्षेप पडताळणी माणसाने करायची असे गृहीत धरतो. पालिकेने दिलेली परवानगी तिच्याच नोंदवहीतून महारेराच्या पडद्यावर थेट आली, तर वेळ वाढत नाही, उलट अर्जदाराचा कागद चढवण्याचा त्रास वाचतो. जिथे विलंब अटळ आहे, उदाहरणार्थ अनोळखी खात्यात मोठी रक्कम पाठवताना, तिथे तो विलंबच संरक्षण असतो. दुसरा आक्षेप म्हणतो की नागरिक सावध झाला की पुरे. सावधगिरी फोनवरील फसवणुकीत निश्चित कामी येते. पण पल्सर, एटीएमची यंत्रणा आणि पालिकेची जावक नोंदवही नागरिकाला दिसत नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीची जबाबदारी त्याच्यावर टाकणे अन्याय आहे. तिसरा आक्षेप कागदाकडे परत जाण्याचा. डोंबिवलीत खोटा होता तो कागदच. डिजिटल नोंद मुळाशी जोडलेली असती, तर तो पहिल्याच दिवशी अडकला असता. संगणकीकरण अर्धवट राहिल्याने हानी झाली, आणि यावरचा उपाय ते पूर्ण करणे हाच आहे.

या तीन आक्षेपांपलीकडचा प्रश्न पुराव्याचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातील वाहिन्यांमधील बिघाडानंतर मुंबई आणि ठाणे परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीने भारतीय वीज यंत्रणांना चिनी हॅकर गटाने लक्ष्य केल्याचा अहवाल दिला. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी या बिघाडामागे सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. एकाच घटनेची दोन सरकारी उत्तरे नागरिकांपुढे आली. घडलेल्या गोष्टीची अखंड, बदलता न येणारी नोंद आणि तिची तटस्थ तपासणी नसेल, तर पुढच्या वेळी काय दुरुस्त करायचे हेच ठरत नाही.

कायदा आणि व्यवस्थापन : माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० हा या क्षेत्राचा मूळ कायदा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे संस्थांना बंधनकारक झाले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्यांनी कर्तव्ये ठरवली आहेत. ती पाळली जातात की नाही, हे स्थानिक पातळीवर ठरते. पालिकेने आपल्या परवानग्या कोणालाही तपासता येतील अशा खुल्या ठेवणे, बँकेने खाते खरोखर कोण चालवतो हे पाहणे, वैधमापन निरीक्षकाने न सांगता पंपावर जाणे, सोसायटीने सदस्यांची माहिती गरजेपुरतीच गोळा करणे, ही कामे झगमगाटी नाहीत. पण त्यांवरच या शहरांतील घरे आणि ठेवी टिकून आहेत.

पंपावरचे पाच लिटरचे माप साधे असते आणि ते मागायला तज्ज्ञ असावे लागत नाही. डिजिटल व्यवस्थेत अशी मापे प्रत्येक ठिकाणी नव्याने घडवावी लागतात: परवानगीसाठी पालिकेची खुली नोंद, पैशासाठी खातेवहीपर्यंत जाणारी विचारणा, धमकीसाठी एक फोन. जिथे असे माप सामान्य माणसाच्या हाताशी आहे तिथे डिजिटल व्यवहार ही संधी ठरते, आणि जिथे ते नाही तिथे तीच सोय घर हिरावून नेऊ शकते, हे डोंबिवलीतील ६५ इमारतींनी दाखवून दिले आहे.