अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती प्रार्थनेची मराठी : एक ऐतिहासिक विचार

१

ख्रिस्ती धर्माच्या महाराष्ट्रातील इतिहासाचे लेखन आजवर बहुधा दोन दृष्टींनी झाले आहे. मिशनांनी काढलेल्या शाळा, दवाखाने, छापखाने यांची नोंद ही एक. आणि धर्मांतराच्या कारणांचा सामाजिक ऊहापोह ही दुसरी. या दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत. परंतु धर्म स्वीकारलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर देवाशी कोणत्या शब्दांत बोलू लागला, हा प्रश्न या दोहोंच्याही कक्षेबाहेर राहतो. श्रद्धेचे रोजचे रूप प्रार्थनेत दिसते आणि प्रार्थना ही प्रथमतः भाषेची कृती असते. या कारणाने प्रार्थनेच्या भाषेचा इतिहास हा त्या समाजाच्या अंतर्जीवनाचाही इतिहास ठरतो.

या विचारासाठी पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा जिल्हा विशेष सोयीचा आहे. मराठीतील धर्मविषयक भाषेचा एक मूळ झराच या जिल्ह्यात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी नेवासे येथे सांगितली गेली, अशी परंपरा आहे. आणि त्या ग्रंथाचा शेवट एका प्रार्थनेने होतो, हे सर्वश्रुत आहे. त्याच प्रदेशात १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनच्या ग्रेव्हज, हर्वी व रीड या मिशनऱ्यांनी आपले ठाणे उघडले. देवाशी मराठीत बोलण्याची साडेपाचशे वर्षांची परंपरा जेथे होती, तेथे बाहेरून आलेल्या धर्माला आपली प्रार्थना मराठीत घडवावयाची होती. या घडणीतून जी भाषा निघाली, तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

मिशनऱ्यांच्या हाती प्रारंभी जे साहित्य होते, ते भाषांतराचे होते. सेरामपूर येथून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपला नवा करार १८२६ मध्ये पुरा केला. आणि संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. भाषांतरकारांपुढील पहिली अडचण संज्ञांची होती. ज्या कल्पना मराठीत तशाच स्वरूपात नव्हत्या, त्यांच्यासाठी तीन मार्ग अवलंबिले गेले. काही शब्द मुळातूनच घेतले गेले, जसे 'बाप्तिस्मा' आणि 'आमेन'. काही शब्द पोर्तुगीज संपर्कामुळे पश्चिम किनाऱ्यावर आधीच रुळले होते, ते तसेच राहिले. 'पाद्री', 'क्रूस' आणि 'नाताळ' हे त्यांतील ठळक होत. उरलेले, आणि संख्येने सर्वांत अधिक, शब्द मराठीतीलच होते. त्यांना नवा अर्थ देण्यात आला. 'मंडळी', 'पाळक', 'उपासना', 'कृपा', 'तारण' हे शब्द या तिसऱ्या वर्गातील आहेत.

या तिसऱ्या वर्गाची गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. जुना शब्द नव्या अर्थाने योजिला म्हणून जुना अर्थ नाहीसा होत नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनात मागे उभाच राहतो. 'तारण' हा शब्द घ्यावा. 'तारणे' म्हणजे पार नेणे. भवसागरातून तारणारा देव ही कल्पना संतांच्या वाणीमुळे खेड्यापाड्यांत परिचित होती. परंतु व्यवहारात 'तारण' म्हणजे कर्जासाठी सावकाराकडे ठेवलेली वस्तू. आजही सोनेतारण कर्ज असा प्रयोग सर्रास होतो. उपासनेत 'तारण' हा शब्द ऐकणाऱ्या शेतमजुराला हे दोन्ही अर्थ ठाऊक होते.

याहूनही बोलके उदाहरण 'ऋण' या शब्दाचे आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेचे दोन पाठ शुभवर्तमानांत आहेत. लूकच्या पाठात पापांच्या क्षमेची याचना आहे. मत्तयाच्या पाठात मूळ ग्रीक शब्द देणे किंवा कर्ज या अर्थाचा आहे. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, कर्ज आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द चालत असे, असे अभ्यासक सांगतात. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात या ठिकाणी अतिक्रमण किंवा अपराध या अर्थाचा शब्द रूढ झाला. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी मत्तयाच्या पाठात 'ऋण' हा शब्द ठेविला आणि त्याच्या जोडीला 'सोडणे' हे क्रियापद योजिले.

हा शब्द कोणत्या प्रदेशात उच्चारला जात होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचे वजन कळणार नाही. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्यात त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला आणि तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, त्यांत नगर होता. या दोन घटनांच्या मध्ये १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आहे, आणि नगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांतून मोठ्या संख्येने झालेली धर्मांतरे या दुष्काळाच्या नंतरची आहेत. ज्यांच्या घरात कर्ज पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले, अशा माणसांनी दररोज देवापाशी ऋण सोडण्याची विनंती करावी आणि त्याच वाक्यात आपणही दुसऱ्याचे ऋण सोडल्याचे सांगावे, यात केवळ आध्यात्मिक अर्थ पाहणे पुरेसे होणार नाही. त्या शब्दाने पापाची कल्पना त्यांना त्यांच्या रोजच्या अनुभवातून समजावून दिली. क्षमा म्हणजे काय, हे जाळलेल्या रोख्याहून अधिक स्पष्टपणे दुसऱ्या कशाने सांगता आले असते?

३

छापील ग्रंथाची भाषा आणि तोंडची भाषा यांत अंतर असतेच. खेड्यांतील नवख्रिस्ती समाजात वाचू शकणारे लोक आरंभी थोडे होते. त्यांच्यापर्यंत प्रार्थना पोचली ती मुख्यतः गाण्यातून. हेन्री बॅलेंटाइन यांनी नगर येथे असताना पाश्चात्य चालींवर मराठी गीते रचिली. त्यांच्याच संपादकत्वाखाली १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. ही गीते उपासनेत रूढ झाली खरी. परंतु मराठी शब्दांचा स्वाभाविक ऱ्हस्वदीर्घ क्रम आणि परक्या चालीचा ठेका यांचा मेळ बसणे कठीण होते. ओवी आणि अभंग यांना शब्दांचा नैसर्गिक उच्चार सांभाळता येतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ओवीच योजिली होती, याचे कारणही हेच असावे.

१८६० नंतरच्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची प्रथा सुरू झाली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव या प्रथेशी जोडलेले आहे. पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये पदे व अभंग, साथीला टाळ आणि मृदंग, हा सर्व साज जुनाच. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा येशूच्या दुःखभोगाचे. कीर्तनाने ख्रिस्ती मजकूर मराठी रूपात आणला एवढेच त्याचे महत्त्व नाही. देवळाच्या सभामंडपात ज्यांना बसता येत नव्हते, त्या समाजांतील माणसे या कीर्तनाला प्रथमपासून श्रोते म्हणून समोर बसली, आणि पुढे त्यांच्यातूनच कीर्तनकारही निघाले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. ही तारीख समोर ठेवली म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वीच्या या बैठकीचा अर्थ उलगडतो.

उत्स्फूर्त प्रार्थना ही या संदर्भात दुसरी महत्त्वाची गोष्ट होय. अमेरिकन मिशनची परंपरा मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाची होती. त्या पंथात ठराविक प्रार्थनापुस्तकापेक्षा स्वतःच्या शब्दांत केलेल्या प्रार्थनेला अधिक मान होता. मंडळीत कोणीही, स्त्री असो वा पुरुष, उभे राहून मोठ्याने प्रार्थना करू शके. चारचौघांत तोंड उघडण्याचा अधिकार ज्यांना गावाने दिला नव्हता, त्यांना हा अधिकार प्रार्थनेच्या निमित्ताने मिळाला. ही प्रार्थना ज्या भाषेत झाली, ती ग्रंथाची नव्हती. ग्रंथातील 'पिता' हा शब्द मराठी घरात कोणी हाक मारण्यासाठी वापरीत नाही. खेड्यातील प्रार्थनेत म्हणूनच 'देवबापा' हे संबोधन रूढ झाले. छापील 'पिता' आणि बोलीतील 'बाप' असे दोन्ही शब्द एकाच प्रार्थनेत शेजारी शेजारी नांदतात. पाठ केलेल्या भागात एक आणि स्वतःच्या बोलण्यात दुसरा.

सर्वनामाचा विचारही येथे करावयास हवा. अनेक मराठी घरांत वडिलांना 'तुम्ही' म्हणण्याची चाल आहे. आईला मात्र 'तू' म्हणतात. देवाला 'तू' म्हणणे ही संतांची रीत. ख्रिस्ती प्रार्थनेने देवाला बाप म्हटले, पण सर्वनाम 'तू' हेच ठेविले. त्यामुळे नाते बापाचे आणि जवळीक आईची, असा एक विशेष भाव मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत आला. भाषांतरकारांना तो अभिप्रेत असो वा नसो, भाषेने तो आपण होऊन घडविला.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी या भाषेविषयी दोन परस्परविरुद्ध भूमिका पुढे आल्या, आणि दोन्ही मांडणाऱ्या व्यक्ती संस्कृत विद्येत वाढलेल्या होत्या, हे विशेष. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला; पुढे नगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. मिशनने नगर येथे चालविलेल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत असत. तुकारामाच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे अभंग, 'माउली', 'गुरू', 'चरण' ही भक्तिमार्गाची परिभाषा त्यांनी निःसंकोचपणे ख्रिस्ताला अर्पण केली. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.

पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे भाषांतर केले; नवा करार १९१२ मध्ये आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचलित भाषांतरातील संस्कृत शब्द जुन्या दर्शनांचे अर्थ आपल्याबरोबर आणतात आणि अल्पशिक्षित स्त्रियांना ते कळतही नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्यांनी साध्या मराठीचा आग्रह धरिला.

टिळकांच्या भूमिकेत परंपरेशी नाते टिकते; पण ज्या समाजांना त्या परंपरेने दाराबाहेर ठेविले, त्यांना ती परंपरा कितपत आपली वाटावी, हा प्रश्न उरतो. त्याला एक उत्तर असे की चोखामेळ्याची वाणीही त्याच परंपरेतील आहे आणि अभंग ही कोणा एका जातीची मिरास नव्हती. रमाबाईंच्या भूमिकेत सुबोधता आहे. पण जुन्या अर्थांपासून संपूर्ण मोकळी अशी भाषा व्यवहारात नसते, हे 'तारण' आणि 'ऋण' या शब्दांवरून दिसलेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची साधी, घरगुती मराठी या संदर्भात आठवते. पतीच्या अपुऱ्या राहिलेल्या 'ख्रिस्तायना'ची रचना पुढे नेणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या ठायी काव्याची परंपरा आणि स्वयंपाकघरातील बोली यांचा विरोध उरत नाही.

५

जिल्ह्यातील कॅथलिक समाजाचा इतिहास याच दिशेने जातो. केंदळ येथून १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. लोकभाषेला मिस्सेत स्थान मिळाले ते १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानंतर. तत्पूर्वीही घरातील प्रार्थना आणि भजने मराठीतच होती. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे फादर जेरार्ड बाडर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेली यात्रा मतमाउलीची यात्रा म्हणून प्रसिद्ध आहे. सप्टेंबरात मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेला लोक पायीही येतात. ज्या शब्दाने वारकरी ज्ञानेश्वरांना हाक मारतात, तोच शब्द येथे येशूच्या मातेला लाभला आहे.

हे शब्द कोणत्याही समितीने ठरविलेले नाहीत. जेवणापूर्वीची चार वाक्यांची प्रार्थना, संध्याकाळची कौटुंबिक उपासना, नव्या पिकातील धान्य अर्पण करण्याचा दिवस, मृताच्या घरी रात्रभर चालणारी भजने, अशा प्रसंगांतून वापर झाला आणि वापराने निवड केली. टिळकांकडून 'माउली' घेतली गेली, ग्रंथातून 'ऋण' आणि 'तारण', बोलीतून 'देवबापा', तर किनाऱ्यावरून 'क्रूस' आणि 'नाताळ'.

या श्रद्धेची किंमतही या समाजाने मोजली आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने धर्मांतरित ख्रिस्ती त्या यादीबाहेर राहिले. जातीने लादलेले दारिद्र्य धर्मांतराने संपले नव्हते, सवलती मात्र संपल्या. असे असूनही ही प्रार्थना टिकली, याचे एक कारण तिच्या भाषेत शोधता येते. ती भाषा त्यांना वरून मिळालेली नव्हती. मिळालेल्या शब्दांत स्वतःचे शब्द मिसळून त्यांनी ती घडविली होती. मराठीच्या धर्मविषयक भाषेचा इतिहास लिहिताना नेवाशाच्या ग्रंथाबरोबर त्याच परिसरातील खेड्यांतील या प्रार्थनेचीही दखल घ्यावी लागेल. त्यासाठी छापील गीतसंग्रहांबरोबर वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडची प्रार्थना, ओव्या आणि कीर्तने यांची नोंद वेळीच होणे अगत्याचे आहे.