गोड बातमी येत नाही तेव्हा



संक्रांतीचे हळदीकुंकू असो की गणपतीची आरती, लग्नाला तीन-चार वर्षे झालेल्या जोडप्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "मग, गोड बातमी कधी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण जिला त्याच रात्री घरी जाऊन इंजेक्शन घ्यायचे असते, ती हसून विषय बदलते आणि पुढच्या कार्यक्रमाला येत नाही. आपल्यात फारसे न बोलल्या जाणाऱ्या या विषयाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

किती जणांचा प्रश्न?

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच डॉक्टरांना भेटावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगात साधारण ६ पैकी १ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. कारणे पुरुषातही असतात, म्हणून तपासणी दोघांचीही व्हायला हवी. बोल मात्र बहुतेक वेळा एकटीलाच लागतो.

उपचार आणि अपयश

पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मली. अमेरिकेतली पहिली डिसेंबर १९८१ मध्ये व्हर्जिनियातील नॉरफोक येथे, तर ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून अशा बाळाचा जन्म झाला. या यशाचे फोटो वर्तमानपत्रांत आले. अपयशाचे फोटो कोणी छापत नाही.

आय.व्ही.एफ.मध्ये साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, वरचेवर रक्ततपासणी व सोनोग्राफी, मग भूल देऊन स्त्रीबीजे काढणे आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडणे असे टप्पे असतात. त्यानंतर दीड-दोन आठवडे नुसती वाट पाहायची. निकालाचा फोन अनेकदा ऑफिसातच येतो. "नाही" ऐकून पुन्हा मीटिंगला जाऊन बसावे लागते. तरुण स्त्रियांतही प्रत्येक प्रयत्न यशस्वी होत नाही आणि चाळिशीनंतर स्वतःच्या स्त्रीबीजांनी यश येण्याची शक्यता झपाट्याने घटते.

हे दुःख कसले?

येथे जन्मही नाही आणि मृत्यूही नाही. त्यामुळे सुतक नाही, भेटायला येणारे कोणी नाही. तरीही दुःख खरे असते. १९९३ साली डॉ. अ‍ॅलिस डोमार व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वंध्यत्वाला तोंड देणाऱ्या स्त्रियांतील चिंता आणि नैराश्य कर्करोगाच्या रुग्णांइतकेच आढळले. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाचे आमंत्रण आले की पोटात तुटते, आणि असे वाटल्याची पुन्हा लाज वाटते. एच-४ व्हिसावर दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या बाईला तर मन गुंतवायला कामही नसते. भारतात सांगावे तर नवस आणि ओळखीचे वैद्य सुरू होतात. न सांगावे तर दर रविवारच्या फोनवर खोटे बोलावे लागते. नवरा गप्प राहतो तेव्हा त्याला काही वाटत नाही असे समजू नये. पुष्कळदा त्याला शब्दच सापडत नाहीत.

"टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल"

हा सल्ला सर्वात जास्त दिला जातो आणि सर्वात जास्त बोचतो. कारण त्याचा अर्थ, झाले नाही तर चूक तुझ्या मनाची. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचारापूर्वीच्या मानसिक ताणामुळे त्या फेरीतील यश कमी होते असे त्यात आढळले नाही. म्हणजे रडल्यामुळे गर्भ रुजला नाही, असे कोणी स्वतःला सांगू नये. समुपदेशकाकडे जायचे ते स्वतःला हलके वाटावे म्हणून.

पैसा आणि मदत

एका फेरीचा खर्च हजारो डॉलर्सच्या घरात जातो. मॅसॅच्युसेट्स (१९८७), इलिनॉय (१९९१), न्यू जर्सी (२००१) अशा काही राज्यांत विम्याबाबत कायदे झाले. पण स्वतःच्या पैशाने विमा चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ते लागू होत नाहीत. म्हणून एच.आर.कडे आधी चौकशी करावी. १९७४ साली स्थापन झालेली 'रिझॉल्व्ह' ही राष्ट्रीय संस्था आधारगट चालवते. जीव नकोसा वाटला तर ९८८ वर फोन किंवा टेक्स्ट करता येतो.

आपण काय करावे?

गोड बातमी विचारू नये. डोहाळजेवणाला बोलवावे, पण "जमलं नाही तरी चालेल" हे मनापासून सांगावे. ओटी भरताना कोणाला वगळू नये. उपचार फसल्याच्या आठवड्यात दत्तकाचा विषय काढू नये. तो निर्णय त्या दोघांचा आणि त्यांच्या वेळेने होईल. कोणी उपचार थांबवायचे ठरवले तर "अजून एकदा करून बघ" म्हणू नये. थांबणे म्हणजे हार नव्हे.

आणि काहीच सुचले नाही तर डबा घेऊन जावे आणि थोडा वेळ शेजारी बसावे. आपल्याकडे दुःखाच्या घरी असेच जातात. हेही दुःखाचेच घर आहे.