अंगणातला खेळ आणि घरातली सकाळ

शाळेत उशिरा आलेल्या मुलीला कारण विचारावे आणि तिने ‘भावाला सांभाळत होते’ असे सांगावे, हे कोकणातल्या शिक्षकांना नवे नाही. पेण आणि रोहा तालुक्यांतली सकाळ नजरेसमोर आणा. वडील धाटावच्या कारखान्यातल्या पहिल्या पाळीला किंवा पनवेलकडे जाणाऱ्या गाडीला निघालेले असतात. पाणी भरणे, भाकऱ्या, डबे ही कामे आईला एकाच वेळी गाठायची असतात आणि दीड-दोन वर्षांचे मूल तिच्या पायांत घोटाळत असते. मग ते थोरल्या बहिणीच्या कडेवर जाते. हल्ली बऱ्याच घरांत त्याच्या हाती मोबाइल दिला जातो.

मूल अर्धा तास आपल्याच नादात खेळले, तर आईचे काम होते आणि बहीण वेळेवर शाळेत पोचते. पण लहान मूल असे एकटे खेळू शकते का? या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे पर्व उत्तर कोकणातच घडले आहे.

६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामाला गेले की मुले जिन्यांत, भिंतींवर धुडगूस घालत, म्हणून घरांच्या मालकांनाच ही सोय हवी होती. थोडक्यात, सुरुवात मोठ्यांच्या अडचणीतून झाली. तिथे बाईंना जे दिसले ते मात्र निराळे होते. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या दट्ट्या काढून पुन्हा आपापल्या खोबणीत बसवत होती. बाईंनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, तरी तिचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच काम करून ती आपणहून थांबली आणि प्रसन्न चेहऱ्याने इकडेतिकडे पाहू लागली. मूल चंचल असते, त्याला सतत कोणी तरी रमवावे लागते, या समजुतीला त्या मुलीने चांगलाच धक्का दिला.

हा विचार आपल्याकडे आला तो भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या काळजीतून त्यांनी माँटेसरींचे लेखन वाचले आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला. तिथे येणारी मुले मुख्यतः मध्यमवर्गीय घरांतली. परदेशी धर्तीची साधने महाग होती, ती खेड्यात परवडणार नव्हती. ताराबाईंना हीच गोष्ट खटकत होती.

१९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले तिथवर येईनात. तेव्हा साधने घेऊन शिक्षिकाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात गेल्या. ही अंगणवाडी. दुकानातल्या साधनांची जागा शिंपल्या, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली. शिंपल्या लहान-मोठ्या लावताना जो विचार करावा लागतो, तोच लाकडी दट्ट्या लावतानाही करावा लागतो, हे एकदा ध्यानात आले की खर्चाचा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

माझ्या मते बोर्डीचा, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीचा, सर्वांत मोठा शोध याच्या पुढचा आहे. पाड्यावरच्या मुली प्राथमिक शाळेत का येत नाहीत, याचा माग काढला तर तो धाकट्या भावंडापाशी पोचत होता. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. बहिणीने बाळाला घेऊनच यावे. बाळ पाळणाघरात खेळेल, ती वर्गात बसेल. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. तान्ह्या भावाचा खेळ आणि थोरल्या बहिणीचे शिक्षण हा एकच प्रश्न आहे, हे इतक्या स्पष्टपणे ओळखणारा प्रयोग मला तरी दुसरा ठाऊक नाही. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांवरून कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तिथेही बाळ सांभाळते ती थोरली बहीणच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. पोषण, वजन, लसीकरण ही कामे मोलाचीच, पण या व्यापात खेळ मागे पडला. शिवाय अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलाची सकाळ घरीच जाते. तेव्हा घरात काय करता येईल?

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये बालशाळेतल्या मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदवले. एकट्याने खेळणे आणि दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापले खेळणे हे लहान वयात अधिक आढळले. म्हणजे दोन वर्षांचे मूल एकटे खेळते यात काळजीचे काही नाही. मात्र एकटे खेळणे म्हणजे एकटे सोडणे नव्हे. मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडातल्या माता व बाळांचे निरीक्षण केले. आई जवळ आहे याची खात्री असलेले मूल तिच्यापासून थोडे दूर सरकते, हाताळते, शोधते आणि अधूनमधून तिच्याकडे परतते, असे त्यांना दिसले. आपल्या जुन्या घरांतली ओटी, पडवी आणि सारवलेले अंगण यांनी हे आपोआप साधले होते. आई कामात असे, पण दिसत असे. नव्या इमारतींतल्या स्वयंपाकघराची भिंत तिला दृष्टिआड करते. म्हणून खेळाची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी, चूल किंवा गॅस आणि गरम भांडी यांच्यापासून दूर, पण आई दिसेल अशी असावी.

आणखी दोन प्रयोग सांगण्याजोगे आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एक ते तीन वर्षांची ५० मुले एक तास खेळत होती. त्यातला अर्धा तास खोलीत मोठ्यांचा दूरदर्शन कार्यक्रम चालू ठेवला होता. मुले त्याकडे फारशी पाहत नव्हती, तरीही त्यांच्या खेळाचे डाव आखूड झाले. २०१८च्या दुसऱ्या अभ्यासात ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली. चारच असताना प्रत्येक खेळण्याशी ती अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. सकाळी दूरदर्शन बंद आणि पुढ्यात तीन-चार वस्तू, एवढ्याने पुष्कळ फरक पडू शकतो. करवंटी, पळी, झाकणाचा डबा, कापडाचा तुकडा चालेल. चिंचोके आणि खडे मात्र तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. बाळ तल्लीन असताना ‘काय करतोस रे?’ असे कौतुकानेही विचारू नये. हे आजीला पटवणे सर्वांत अवघड!

पेणला तर उत्तम खेळणे दाराशीच आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस दोन्ही वापरतात, पण मुलांच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. प्लास्टर पाण्याशी संयोग पावून काही मिनिटांत घट्ट होते, त्या वेळी तापते आणि पुन्हा मऊ होत नाही. ते लहान हातांत देऊच नये. शाडूत असा रासायनिक बदल घडत नाही. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी असेतोवर ते एकमेकांवरून घसरतात आणि गोळा हवा तसा वळतो. पाणी उडाले की तो कडक होतो, भिजवला की पुन्हा वळतो. रंग न लागलेल्या शाडूचा मुठीएवढा गोळा आणि एक पाट मुलापुढे ठेवावा. गणपती करून दाखवू नये. मूल तो थापेल, बोटाने भोके पाडेल, मोडेल, एखादे वेळी चाखूनही पाहील, म्हणून लक्ष असावे. दुपारी वाळलेले तुकडे गोळा करून रात्री पाण्यात टाकावेत. सकाळी जादा पाणी निथळले की गोळा तयार.