कुलूप सर्वांचें, किल्ली एकाची

कोल्हापुराहून पुण्याच्या वाटेस लागून पंचगंगा ओलांडली, कीं थोड्याच अंतरावर शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. बिडाचें ओतकाम करणाऱ्या भट्ट्यांसाठीं ही वसाहत प्रसिद्ध आहे. तेथील कारखानदाराचें धन केवळ लोखंडांत सांठलेलें नाहीं. नव्या भागाचा आराखडा, ओतकामाचा दर, गिऱ्हाइकाशीं झालेला करार, हेंहि त्याचें धनच होय. हें धन आतां तिजोरींत राहत नाहीं. तें बिनतारी लहरींवर स्वार होऊन भिंतीपलीकडे रस्त्यापर्यंत जातें. तें परक्याच्या हातीं लागूं नये म्हणून मनुष्यानें कोणते उपाय योजिले, त्याचा इतिहास आज थोडक्यांत पाहावयाचा आहे.

गुप्त निरोपाची विद्या आपणांस नवी नाहीं. मराठ्यांच्या राज्यांत जासूद थैल्या घेऊन दौडत असत. बोटांच्या खुणांनीं बोलण्याची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांनीं बोलण्याची नेत्रपल्लवीहि आपल्याकडे प्रचारांत होती. परंतु ह्या खुणांत एक उणीव होती. त्यांची सारी मदार रीत गुप्त राहण्यावर असे. ती रीत एकदां शत्रूस उमगली, कीं पुढचा प्रत्येक निरोप त्याला आपोआप कळे. ह्या उणिवेवर १८८३ सालीं ऑग्युस्त केर्कहॉफ्स ह्या पंडितानें नेमकें बोट ठेविलें. सांकेतिक लेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली, असा सिद्धांत त्यानें फ्रेंच भाषेंत मांडिला. बाजारांत एकाच घडणीचीं हजारों कुलुपें विकलीं जातात. म्हणून कांहीं आपलें घर उघडें पडत नाहीं. हाच तो न्याय.

पुढें बिनतारी विद्या आली आणि प्रश्न अधिक बिकट झाला. कागदाची थैली चोरावी लागते. लहर मात्र ऐकणाऱ्याच्या दारीं स्वतःहून येते. ह्याचा अनुभव मुंबईनें १९४२ सालीं घेतला. ‘चले जाव’ चळवळींत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरच्या लहरीवर त्याचे कार्यक्रम ऐकूं येऊं लागले. येथें शब्द लपवावयाचे नव्हते. ते तर घरोघर पोंचवावयाचे होते. लपवावयाचें होतें तें ठिकाण. म्हणून यंत्र वारंवार एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलविलें जाई. अखेर एका माहीतगार तंत्रज्ञाच्या फितुरीनें १२ नोव्हेंबर रोजीं पोलिसांची धाड पडली, आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र कितीहि उत्तम असलें तरी माणूस फुटला कीं सारें फुटतें, हा धडा त्यांतून मिळाला.

आतां आपल्या काळाकडे येऊं. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभिली. येथें ‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे. आज्ञावली कोणींहि चालवावी, तिची घडण तपासावी, तींत सुधारणा करावी आणि ती दुसऱ्यास द्यावी, हें तें स्वातंत्र्य. ह्याच पंथांतील ‘एथेरियल’ हें साधन १९९८ सालीं जेराल्ड कोम्स ह्यांनीं प्रसिद्ध केलें. २००६ पासून तें ‘वायरशार्क’ ह्या नांवानें ओळखलें जातें. जाळ्यांतून वाहणारी माहितीची पुडकीं तें एकेक करून उलगडून दाखवितें. ‘किस्मेट’ नांवाचें दुसरें साधन, आपल्या ‘किस्मत’ शब्दाचा तें चुलतभाऊच म्हणावें, स्वतः एक शब्दहि न उच्चारतां आसपासच्या बिनतारी जाळ्यांचा कानोसा घेतें.

अशीं साधनें चोराच्याहि हातीं पडणार, हा आक्षेप रास्त आहे. पण इतिहास काय सांगतो? १९९७ च्या वाय-फायच्या पहिल्या मानकांत ‘वेप’ नांवाचें कुलूप होतें. २००१ सालीं फ्लूरर, मँटिन आणि शमीर ह्या तिघां संशोधकांनीं त्यांतील वर्म चव्हाट्यावर आणिलें, आणि लवकरच तें कुलूप उघडणारीं मुक्त साधनेंहि निघालीं. दोष झांकून ठेवणें अशक्य झालें, म्हणूनच २००४ पर्यंत अधिक भक्कम कुलूप तयार झालें. उघड तपासणी झाली नसती, तर वर्म फक्त चोरांनाच ठाऊक राहिलें असतें.

खाजगी पत्रव्यवहाराचीहि हीच कथा. फिल झिमरमन ह्यांनीं १९९१ सालीं ‘पीजीपी’ ही आज्ञावली लोकांच्या हातीं दिली. तिच्यांत दोन किल्ल्या असतात: एक जगजाहीर, जिनें कोणींहि कुलूप लावावें, दुसरी मालकापाशींच, जिनें तें उघडावें. अमेरिकेच्या कायद्यांत अशी विद्या त्या वेळीं युद्धसामग्रींत गणली जाई; म्हणून झिमरमन ह्यांच्यामागें चौकशीचा ससेमिरा लागला. तो १९९६ सालीं सुटला. आज ‘सिग्नल’ ह्या मुक्त साधनाची पद्धति व्हॉट्सॲपनेंहि स्वीकारली आहे. २०१६ पासून तेथील निरोप ह्याच रीतीनें बंद होऊन जातात, जरी व्हॉट्सॲप स्वतः मुक्त सॉफ्टवेअर नाहीं.

तरीहि दोन मर्यादा ध्यानांत ठेवाव्यात. कुलुपानें मजकूर झांकला जातो. पण कोणतें यंत्र केव्हां बोललें, हें लहरींवरून कळूं शकतें. दुसरें असें, कीं परवानगीवांचून परक्याच्या जाळ्यांत शिरणें आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें दंडनीय आहे. हीं साधनें आपल्याच घराचीं कवाडें ठोकून पाहण्यासाठीं आहेत.

शिरोलीचा कारखानदार ओतलेला भाग ठोकून, त्याचा नाद ऐकून मगच गाडींत भरतो. आंत पोकळी राहिली तर ती आपल्याच अंगणांत कळावी, गिऱ्हाइकाच्या यंत्रांत नव्हे, ही त्याची दक्षता. आपल्या निरोपांच्या कुलुपांनाहि हाच न्याय लावावा. जें कुलूप कोणास तपासूं दिलें जात नाहीं, त्याच्या मजबुतीची ग्वाही केवळ विकणाराच देत असतो. जें सर्वांनीं ठोकून पाहिलें, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास आधार आहे. किल्ली मात्र प्रत्येकानें आपल्याच कनवटीस ठेवावी. ती सांभाळण्याचें काम कोणतीहि आज्ञावली आपल्यासाठीं करणार नाहीं.